कामगार आणि कायदा (भाग 9) : वकिलाकडे जाण्याआधी तारीख मोजा
मागच्या भागात, गेट बंद झालं त्या दिवशी काय काय लिहून ठेवायचं ते पाहिलं. आता वकील. चाकण, भोसरी, तळवड्याहून येणारा कामगार पहिल्यांदा फी विचारतो. मी त्याला आधी विचारतो, काढलं कधी?

अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली तक्रार 90 दिवसांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. केंद्राच्या कायद्यात बडतर्फीविरुद्ध थेट दाद मागायला 3 वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ही मुदत 2 वर्षांवर आली. ‘साहेब परत घेतो म्हणालेत’ या आशेवर घरी काढलेले आठवडे यातूनच जातात.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे मोबाइलवर शोधून फारसं हाती लागत नाही. युनियनच्या ऑफिसात विचारा, केस लढलेल्या कामगाराला विचारा. आणि एक सकाळ शिवाजीनगरच्या कामगार न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी खुली असते. कोण कागद वाचून आलंय आणि कोण नुसती पुढची तारीख मागतंय, हे दोन तासांत दिसतं. भेटल्यावर सरळ विचारा, ‘तुम्ही कंपन्यांची कामं घेता का? माझ्या कंपनीचं किंवा ठेकेदाराचं काम केलंय का?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

फी ठरवताना टप्पे लिहून घ्या: तक्रार अर्ज तयार करण्याचे किती, दर तारखेचे किती, उलटतपासणीचे वेगळे का, झेरॉक्स-टायपिंग कोणाकडे. प्रत्येक वेळी पावती घ्या. कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेटाच्या बैठकीत वकिलाला पक्षकारातर्फे उभं राहता येत नाही. तिथे युनियनचा प्रतिनिधी चालतो. म्हणून ‘समेटाला हजर राहण्याची फी’ कोणी मागितली तर देऊ नका. पुढे औद्योगिक विवादाच्या खटल्यात वकील द्यायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी लागते. तेव्हा कंपनीच्या वकिलाला संमती देण्याआधी आपल्या बाजूने कोण उभं राहणार ते पक्कं करा.

पगार थांबलेला माणूस हमखास म्हणतो, ‘मिळेल त्यातले निम्मे तुमचे.’ बार कौन्सिलच्या नियमांनी असा टक्का ठरवायला वकिलाला मनाई आहे. टक्क्यावर तयार होणारा वकील पहिल्याच भेटीत स्वतःचा नियम मोडतो, त्याच्या हाती आपली केस देऊ नये. पण हा नियम रिकाम्या खिशाच्या माणसाला जड जातो, हेही खरं. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987. त्याच्या 12 व्या कलमात मोफत वकील मिळण्याचा हक्क असलेल्यांच्या यादीत ‘औद्योगिक कामगार’ हे शब्द स्पष्ट आहेत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही, म्हणजे असेंब्ली लाइनवर ठेकेदारीत काम करणाऱ्या ताईंना दोन्ही बाजूंनी हा हक्क आहे. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अर्ज पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात करायचा. फोन 15100. सोबत ओळखपत्र, गेटपास, पगारचिठ्ठ्या, पीएफचा उतारा आणि कामावरून काढल्याचं पत्र न्या. पत्र दिलंच नसेल तर गेटवर अडवल्याचा मेसेज किंवा त्याच दिवशी पाठवलेल्या रजिस्टर पत्राची पोचही चालेल.

पुढच्या आठवड्यात: पगार ठेकेदाराकडून, काम कंपनीचं; मग मालक कोण?