वासराची वाढ आणि वृद्धिसंप्रेरक

उमरी परिसरातील गावांतून फिरताना पशुपालक बंधू एक प्रश्न हमखास विचारतात : "वासरू अंगी लागत नाही, वाढीचे एखादे इंजेक्शन आहे काय?" उत्तर देण्यापूर्वी वाढ कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदूच्या तळाशी पोषग्रंथी नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्या पुढील भागातून वृद्धिसंप्रेरक रक्तात पाझरते. तेही एकसारखे नव्हे, तर थांबून थांबून. तिच्या वरच्या बाजूस असलेला हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग या स्रावावर देखरेख करतो. त्याच्याकडून येणारे एक द्रव्य स्राव वाढविते, तर सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे द्रव्य तो आवरते. बैल आसुडाने हाकावा आणि कासऱ्याने आवरावा, तसाच हा प्रकार होय.

वृद्धिसंप्रेरक यकृतास पोचले, की यकृत आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक तयार करते. हाडे लांबविणे व मांस वाढविणे ही कामे बहुतांशी त्याच्या द्वारे होतात. त्याचे प्रमाण पुरेसे झाले म्हणजे पोषग्रंथीचा स्राव आपोआप कमी होतो.

खरी मेख पुढेच आहे. वासरू अर्धपोटी राहिले, तर रक्तातील वृद्धिसंप्रेरक घटत नाही, उलट वाढते. परंतु उपाशी जनावराचे यकृत त्याला दाद देत नाही. आयजीएफ-१ कमी पडते आणि वाढ खुंटते. संप्रेरक मग अंगावरची चरबी झिजवून जीव जगविण्याच्या कामी लागते. म्हणजेच खुरटलेल्या वासरात उणीव बहुधा संप्रेरकाची नसून पोषणाची असते. तेथे इंजेक्शन काय करणार? गाय पान्हा सोडावी म्हणून काही जण टोचतात ते ऑक्सिटोसिन तर निराळेच संप्रेरक आहे. त्याने वासराची वाढ होत नाही.

लाल कंधारी व देवणी या आपल्या भागातील नामांकित जाती. त्यांचे गुण वासरात उतरावयाचे, तर पुढील गोष्टी कराव्यात :

१. जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत चीक पाजावा. वीस किलो वजनाच्या वासरास दिवसाकाठी सुमारे दोन किलो चीक, दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

२. दूध पुरेसे ठेवून हळूहळू कोवळा हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण यांची सवय लावावी. नुसत्या कडब्यावर वासरू वाढत नाही.

३. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक पाजावे.

ग्रामसेवकांनी ही माहिती प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचवावी. वासराच्या तोंडचे काढलेले दूध पुढे बैलाच्या खांद्यात आणि गाईच्या कासेत उणे पडते, हे विसरू नये.