रिद्धपूरचं विद्यापीठ आणि कलम २८
मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभाव पंथाची काशी. पंथाला पूज्य असलेले गोविंदप्रभू इथले, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा पंथाचा मराठी गद्यग्रंथ इथेच सिद्ध केला. ज्ञान संस्कृतात गेलं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय कळणार, म्हणून पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी मराठीचा आग्रह धरला. पुढे पंथाच्या याच मराठी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद राहिल्या, ही गंमतच.

आता त्याच गावी सरकारी मराठी भाषा विद्यापीठ आहे; पहिले कुलगुरू २०२४ मध्ये नेमले गेले. मग तीर्थक्षेत्री सरकारी पैशावर पंथाचे ग्रंथ शिकवणं चालतं का? राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चावरच्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण दीक्षा वेगळी, अभ्यास वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला. त्यामुळे लीळाचरित्राची भाषा, पाठभेद, त्यातलं यादवकालीन जीवन खुशाल शिकवावं. पोथीला नमस्कार करायची सक्ती मात्र चालणार नाही.

खरी अडचण वेगळीच. भाविकाला पूज्य असलेल्या लीळेच्या पाठावर एखाद्या विद्यार्थ्याने शंका घेतली तर? तिथे कलम २८ पुरत नाही. कलम १९ मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागतं.