हमीपत्र पुन्हा आलं

गेल्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीने माझं आठवड्यातून एकदाचं समुपदेशन बंद केलं आणि ते काम मोबाईल अ‍ॅपकडे सोपवलं. त्याचं दुःख फार नाही. अ‍ॅप स्वस्त पडतं, शिवाय चहा मागत नाही. डाचला तो सोबतचा फॉर्म. कामगाराने 'मी स्वतःला इजा करतो' असं सांगितलं की त्याच दिवशी एचआरला कळवायचं आणि 'पुन्हा असं करणार नाही' असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. हे हमीपत्र माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ते टेबलावरून हटवण्यात आमची उमेदीची वर्षं गेली.

त्याआधीच्या, नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. टेल्को, बजाजच्या आसपासच्या वसाहतींत स्वतःला इजा कुणी करत नसेल असं नाही. पण अंगारेधुपारे आणि येरवड्याचं मनोरुग्णालय यांच्यामध्ये ते कुठेतरी गडप होई.

माझं दशक २००८ ते २०१८चं. निगडीत खोली घेतली तेव्हा आमच्या व्यवसायाची रीत ठरलेली होती. मुलीने बाही वर केली की आधी आपला चेहरा बदलायचा, मग आईला आत बोलवायचं, मग वचन घ्यायचं. एक ज्येष्ठ तर वचन मोडणाऱ्याला पुढची वेळच देत नसत. 'लक्ष वेधून घ्यायला करतात' हे त्यांचं लाडकं निदान. पोरं शहाणी, ती यायचीच बंद होत. सरांच्या वहीत केस 'सुधारली' म्हणून जमा.

भीतीला कायद्याचंही कारण होतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं नसतं, आतलं असह्य काही घटकाभर थांबवायचं असतं, हा फरक करायला कुणाला सवड नव्हती. दवाखान्यात पाऊल टाकताच 'पोलीस केस होईल' हे ऐकू यायचं. २०११ मध्ये मार्शा लिनेहन यांनी, ज्यांच्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीची पानं आम्ही झेरॉक्स करून वाचत होतो, तरुणपणी आपणही स्वतःला इजा करत होतो असं जाहीर सांगितलं. त्या ज्येष्ठांची तेव्हा झालेली पंचाईत मी अजून चवीने आठवते.

चिंचवडला आम्ही काही जणी महिन्यातून एकदा बसायचो, नावं गाळून केसेस बोलायचो. आधी जखमेचं विचारावं, हे तिथे शिकले. खराबवाडीत कॉट बेसिसवर राहणारा एक ट्रेनी आला, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"मॅडम, घरी कळवणार का?"

"ते नंतर बघू. जखम धुतलीस का? दुखतंय?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. मग नाइट शिफ्ट, कायम होण्याची नुसती आश्वासनं, गावाकडचं कर्ज, सगळं बाहेर आलं. "मरावंसं वाटतं का?" हेही सरळ विचारलं, विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तसं वाटत नव्हतं. मग कुणाला सांगायचं ते त्यानेच ठरवलं. रूममेटला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. कलम ११५ने ३०९ची नांगी ठेचली. कलम २३ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला. जिवाला धोका असेल तर सांगावं, पण गरजेपुरतंच. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं ३०९ घेतलेलंच नाही. आमची चिंचवडची बैठक मात्र करोनात बंद पडली ती पडलीच. आता वेबिनार असतात. सर्टिफिकेट हमखास मिळतं, अडलेली केस मांडायला कुणाला वेळ नसतो.

कायदा सुधारला आणि आमचा धंदा घाबरट झाला. हमीपत्रामुळे कुणाचा जीव वाचतो याला पुरावा नाही. वाचते ती लिहून घेणाऱ्याची कातडी. आणि एचआरला कळणार म्हटल्यावर कंत्राटी पोरगा अ‍ॅपवर 'मी ठीक आहे' यापलीकडे काय टाइप करणार?

चाकण-भोसरीच्या एचआरवाल्यांनी फॉर्ममधला तेवढा रकाना काढून टाकावा. आणि हे वाचणाऱ्या ट्रेनीसाठी: टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.