पदर उलटून पाहा

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या पारंपरिक वेशभूषा दिनासाठी मी मोठ्या हौसेने एक साडी आणली. काठावर मोर, पदरावर मोर. दुकानदाराने ‘पैठणी’ म्हणूनच दिलेली. आजीने मोरांकडे पाहिलेही नाही. “पदर उलटा कर बघू,” म्हणाली. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची कुसळे होती. “साडी छान आहे गं, पण ही पैठणी नव्हे.”

तेव्हा राग आला. मग हळूहळू उमगले, की मोर हे पैठणीचे लक्षणच नव्हे. नाव गोदाकाठच्या पैठणचे, पण ते आहे विणण्याच्या एका रीतीचे.

साध्या कापडात बाण्याचा धागा धोट्याबरोबर या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसे नाही. पदराची जमीन जरीची आणि नक्षीत जितके रंग, तितक्या रेशमाच्या निराळ्या छोट्या कांड्या. विणकर ताण्याचे धागे मोजतो, पोपटी रेशीम मुनियाच्या अंगापुरतेच नेतो आणि तिथूनच मागे फिरवतो. शेजारचा रंग जेथे भेटतो, तेथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणून मागे मोकळा धागा लोंबत नाही. नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. काठाचा रंग अंगाहून वेगळा हवा असेल, तर त्या सीमेवरही हीच गुंफण. आसावलीची वेल घ्या की बांगडी मोर, सारे असे मोजून मोजून. भरगच्च पदराला महिने लागतात ते यामुळेच.

जॅकार्डवर ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते भोके पाडलेले पुठ्ठे ठरवतात. नक्षीचा धागा पन्हाभर धावतो, नको तेथे मागे सुटा राहतो व नंतर कापला जातो. जॅकार्ड हातमागावरही बसते. तेव्हा नुसते ‘हातमागाची’ म्हणून भागत नाही. (जॅकार्डला मी नावे ठेवीत नाही. आमच्या खिशाला तीच परवडते!) ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, अशी धूपछाव तर कोणत्याही मागावर साधते.

२०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी दोन्ही साड्या एकाच नावाने शेजारी मांडल्या, की येवल्याच्या विणकराचीच किंमत अवाच्या सवा वाटू लागते. धागे मोजण्यात गेलेले त्याचे दिवस गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

यंदा आजीने स्वतःची पैठणी काढून दिली. घड्यांवर विरलेली. पदराला पिन लावताना सुलट बाजू कोणती, हे आम्हां दोघींनाही चटकन ठरवता येईना.