प्रयोगवहीतील नोंद

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे उकळत्या पाण्यात तापमापक धरला, तर पारा ९५-९६ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावतो. कारण उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळू लागते. परंतु तेथील विद्यार्थ्याने पुस्तकात १०० अंश असे वाचलेले असते. तो एकवार पाऱ्याकडे पाहतो, एकवार पुस्तकाकडे पाहतो, आणि वहीत १०० लिहून मोकळा होतो! प्रयोगवहीत होणाऱ्या चुकांत ही सर्वांत मोठी. अक्षर वळणदार नसले तरी एक वेळ चालेल. पण डोळ्यांनी पाहिले एक आणि लेखणीने लिहिले दुसरे, तर प्रयोग करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. ती म्हणजे निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ. परीक्षानळीतून निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला, की निवळी दुधाळ होते. हा दुधाळपणा डोळ्यांना दिसतो. तो निरीक्षणात लिहावा. तो वायू कार्बन डायऑक्साइड आहे, हे मात्र बुद्धीने ठरविलेले असते. त्याची जागा अनुमानात.

आकृतीतील भागांना नावे न देणे, एकक न लिहिणे, हे दोष तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. नुसत्या '२५' वरून ते ग्रॅम की मिलिलिटर, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? चुकलेला आकडा रबराने पुसून टाकू नये. त्यावर एक रेघ ओढून शेजारी नवा लिहावा. पहिलाच आकडा बरोबर होता, असे मागाहून आढळण्याचा संभव असतो.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना दोन रीतींनी मिळविलेल्या नायट्रोजन वायूच्या वजनांत किंचित फरक आढळला. त्यांनी तो झाकून ठेवला नाही. १८९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून त्यांनी इतरांना त्याचे कारण विचारले. पुढे त्यांनी निरनिराळ्या रीतींनी पुनःपुन्हा वजने केली. हवेतून मिळविलेला नायट्रोजन काचेच्या एका गोलात सुमारे २.३१० ग्रॅम भरे. रासायनिक संयुगांपासून केलेला त्याच गोलात सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक जेमतेम ११ मिलिग्रॅमचा! तराजूचा दोष म्हणून तो सहज सोडून देता आला असता. रॅले यांनी दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवले. १८९४ मध्ये त्यांनी व विल्यम रॅमसे यांनी या फरकाचे कारण शोधून काढले. हवेतल्या नायट्रोजनात आणखी एक जड वायू मिसळलेला होता. तोच आरगॉन. हवेच्या शंभर भागांत त्याचा पुरता एक भागही नसतो.