उंच स्वार, छोटी मोटारसायकल

चेन्नईच्या अण्णा सलाईवर, म्हणजे जुन्या माउंट रोडवर, संध्याकाळी सहाच्या सुमाराला उभं राहून पाहा. शंभर सी.सी.ची मोटारसायकल आणि तिच्यावर सहा फुटी तरुण. गुडघे हँडलला लागू नयेत म्हणून बाहेर फाकलेले, पाय पोटाशी दुमडलेले. बघणाऱ्याला हसू येतं, बसणाऱ्याला येत नाही. घरी पोहोचेपर्यंत त्याचा घोटा भरून येतो, बुटाचं टोक गिअरच्या दांड्यानं घासून सोललेलं असतं आणि मागच्या चाकाचा ड्रम हात लावू नये इतका तापलेला असतो.

पहिल्या दोन गोष्टी त्रासाच्या, तिसरी धोक्याची. पाय अवघडून ठेवला की तो नकळत ब्रेकच्या पेडलवर रेलतो. मग ब्रेक सतत थोडा लागलेला राहतो, लायनर झिजतात, पेट्रोल जास्त जातं. त्याहून वाईट म्हणजे मागचा लाल दिवा कायम पेटलेला राहतो. तुम्ही खरोखर ब्रेक माराल तेव्हा मागून येणाऱ्या बसवाल्याला ते कळणार कसं?

दोष उंचीचा नाही आणि गाडीचाही नाही. आपल्याकडच्या पुरुषाची सरासरी उंची साधारण 165 सेंटिमीटर. छोट्या गाड्या त्या मापाच्या माणसासाठी बेतलेल्या असतात. सहा फूट म्हणजे 183 सेंटिमीटर. हा फरक कंपनीलाही ठाऊक असतो, म्हणून तर गिअर आणि ब्रेक वर-खाली करण्याची सोय मूळ गाडीतच दिलेली असते. पण शिलाई मशीनचा टाका जमवून घेणारी माणसं मोटारसायकल मात्र शोरूममधून आली तशीच वर्षानुवर्षं चालवतात!

गिअरपासून सुरुवात करू. हा दांडा इंजिनातून बाहेर आलेल्या दातेरी दांडीवर बसवलेला असतो आणि बहुधा एका दहाच्या बोल्टनं आवळलेला असतो. बोल्ट नुसता सैल करून चालत नाही. तो दांडीवरच्या खाचेतून आरपार गेलेला असल्यानं पूर्ण काढावा लागतो. मग दांडा सरळ बाहेर ओढायचा, एक दाता वर किंवा खाली फिरवून परत बसवायचा. एका दात्यानं टोकाची उंची दोनेक सेंटिमीटरनं बदलते, म्हणून एका वेळी एकच दाता. पाय फूटरेस्टवर सहज ठेवल्यावर बुटाचं टोक दांड्याखाली न अडखळता सरकलं पाहिजे. मोठ्या पायाच्या माणसाला बहुतेक वेळा दांडा थोडा वर लागतो.

आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे चवडा आणि मागे टाच अशी दोन टोकांची पट्टी असते. ती सी-सॉसारखी चालते, पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली येतं. मागचं टोक फूटरेस्टला किंवा स्टँडला टेकत नाही ना, हे पाहा. मग गाडी मधल्या स्टँडवर चढवून, मागचं चाक हातानं फिरवत सगळे गिअर टाकून बघा.

बोल्ट नीट आवळा. सैल राहिला तर दाते झिजतात आणि दांडा जागच्या जागी फिरू लागतो. त्यावर काही कारागीर एक झटपट इलाज करतात, दांडा वेल्डिंगनं कायमचा चिकटवून टाकतात. पुढे चेनचा छोटा दातेरी चक्का बदलायची वेळ आली की त्यावरचं झाकण निघत नाही आणि वेल्डिंग कापत बसावं लागतं. त्यापेक्षा नवा दांडा फार स्वस्त पडतो. एग्मोरजवळच्या पुदुपेट भागात सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. तमिळ येत नसलं तरी अडत नाही. गिअर, ब्रेक, नट, बोल्ट हे शब्द तिथेही तेच. एवढं ध्यानात ठेवा की तमिळमध्ये ‘मेले’ म्हणजे वर आणि ‘कीळे’ म्हणजे खाली. कारागिरानं तुमच्या गिअरकडे बोट दाखवून ‘मेले?’ असं विचारलं तर दचकू नका.

ब्रेकचं काम जास्त जपून करायचं, आणि त्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी पेडलची उंची. पेडलच्या मुळाशी, ते किती वर यावं हे ठरवणारा बोल्ट आणि त्याला धरून ठेवणारा चेकनट बऱ्याच गाड्यांना असतो. चेकनट सैल करून पेडल इतकं खाली आणा की तळवा त्याच्यावर अधांतरी राहील, टेकणार नाही. पेडल खाली गेलं की मागची सळई ओढली जाते आणि ब्रेक आवळतो. म्हणून लगेच मागच्या चाकाजवळचा नट सैल करून पेडलचा मोकळा खेळ पुन्हा जमवायचा. तो साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असतो, नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावा. त्या नटाची अर्धगोल खाच पिनेवर नीट बसली पाहिजे.

सर्वांत शेवटी दिव्याचा स्विच, आणि नेमका हाच विसरला जातो. त्याचा नट फिरवा, स्विच फिरवू नका, नाहीतर वायरी पिळल्या जातात. ब्रेक लागू लागण्याच्या जरासा आधी दिवा लागला पाहिजे. चाक हातानं फिरवून ते मोकळं फिरतं याची खात्री करा आणि मोठ्या रस्त्यावर जाण्याआधी गल्लीत दोन-चारदा ब्रेक मारून पाहा. एप्रिल 2019 पासून छोट्या गाड्यांना बहुधा जोडब्रेक येतो, म्हणजे पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही लागतो. अशा गाडीच्या पेडलला घरी हात न लावता सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावं हे बरं.

सगळं जमवताना पायात काय आहे तेही बघा. चेन्नईच्या उकाड्यात रविवारी सकाळी आपण चपला घालून पाना हातात घेतो आणि सोमवारी बूट घालून कचेरीला निघतो. जाड तळव्याच्या बुटाला तेच माप पुरत नाही. भर पावसाळा तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे महाराष्ट्रात छत्र्या माळ्यावर गेल्यानंतर. तेव्हा पायात गमबूट आले तर पुन्हा एकदा पाहणं आलंच. बाप-लेक एकच गाडी चालवत असतील, तर रोज जास्त कोण चालवतो त्याचं माप धरा. गाडी पुण्याहून रेल्वेच्या पार्सलनं नेली असेल तर चढ-उतारात दांडा किंवा पेडल वाकलं नाही ना, हे आधी तपासा.

एवढं करूनही गुडघे दुमडलेलेच राहतात, कारण फूटरेस्ट जागचे हलत नाहीत. छोट्या गाडीत ते बहुधा इंजिनाखाली बोल्टनं बसवलेल्या एका आडव्या दांडीवर असतात. ती दांडी कापून, वेल्डिंग करून खाली किंवा पुढे घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. खाली आलेले फूटरेस्ट वळणावर रस्त्याला घासतात आणि पाय पुढे गेला की गिअर आणि ब्रेक दोन्ही मागे राहतात. कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा बजावलं. कंपनीनं दिलेल्या बोल्टनं दांडा वर-खाली करणं म्हणजे फेरफार नव्हे.

त्यापेक्षा बैठक उंच करावी. सीट शिवणाऱ्याकडून चांगल्या घट्ट फोमचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वाढवून घेतला तर गुडघा तेवढा उलगडतो. मऊ फोम नको, महिन्याभरात बसतो. मात्र सीट उंच झाली की घोट्याचा कोन बदलतो, तेव्हा आधी सीट आणि मग गिअर-ब्रेक.