मेगावॅट वेगळे, युनिट वेगळे

२०२५ सालच्या जूनअखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल वगळून इतर स्रोतांची झाली. तेव्हापासून ‘भारताची निम्मी वीज आता स्वच्छ’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. ते खरे नाही. निम्मी झाली ती क्षमता. वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सुमारे ७० टक्के आहे. क्षमता मोजायची मेगावॅटमध्ये आणि वीज युनिटमध्ये, आणि या दोहोंची गल्लत हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे. एक मेगावॅटचा औष्णिक संच ७० टक्के भाराने चालला, तर वर्षाला सुमारे ६१ लाख युनिट देतो. एक मेगावॅटचे सौर पॅनेल महाराष्ट्रात १६-१७ लाखांच्या घरात राहतात, कारण रात्र, ढग आणि पॅनेलवरची धूळ या हिशेबातून वजा होतात. म्हणून हजार मेगावॅट सौर म्हणजे हजार मेगावॅट कोळसा, असे समीकरण कोणी मांडले की सावध व्हावे.

पण इथून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. सूर्य मावळल्यावर कोळसा लागणारच असेल, तर सौरवीज म्हणजे नुसती हौस, असे त्यांचे म्हणणे. यात संच उभा असणे आणि त्याने कोळसा जाळणे, या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि त्यात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. दुपारी सौरवीज आली की तेवढा कोळसा जळत नाही, तेवढी राख पडत नाही. संच संध्याकाळसाठी राखीव राहिला तरी ही बचत खरीच असते. पॅनेल बनवायला लागणारी ऊर्जा ते कधी परत देतच नाहीत, ही आणखी एक ऐकीव गोष्ट. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात ती साधारण एक-दोन वर्षांत भरून निघते आणि पॅनेल २५ वर्षे चालतात. पैशांचे म्हणाल, तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पांचे दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहेत. ‘सौर महाग’ हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरे होते.

कोळसा म्हणजे हमखास वीज, हा समजही तपासून घ्यायला हवा. औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते. २०१५ साली केंद्र सरकारने जुन्या केंद्रांसाठी घालून दिलेली मर्यादाच युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. त्याच वर्षी दुष्काळात पाणी नसल्याने परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या केंद्रांचे कोळशाचे साठे तळाला गेले होते. शिवाय औष्णिक संच म्हणजे काही दिव्याचे बटण नाही. थंड पडलेला संच पूर्ण भारावर आणायला तासन् तास जातात.

‘नवीकरणीय’ आणि ‘अनवीकरणीय’ हे शिक्के इंधन संपणारे की न संपणारे एवढेच सांगतात. वीज स्वच्छ आहे का, स्वस्त आहे का, हवी तेव्हा मिळेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातले युरेनियम संपणारे इंधन आहे, तरी त्या विजेतून कार्बन जवळजवळ बाहेर पडत नाही. किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्न वेगळा आणि तो गंभीरच आहे. उलट साखर कारखान्यांतल्या बगॅसवरची सहवीजनिर्मिती नवीकरणीय म्हणून मोजली जाते, पण तिथेही चिमणीतून धूर निघतो आणि वीज मुख्यतः गाळप हंगामात मिळते. कोयनेची जलवीज तर दोन्ही बाजूंच्या दाव्यांना छेद देते. पाऊस दरवर्षी पडतो म्हणून ती नवीकरणीय, पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे १,९६० मेगावॅटचे हे केंद्र चोवीस तास चालवता येत नाही. धरणात गावे गेली, विस्थापितांचे प्रश्न दशकानुदशके रेंगाळले, हीदेखील त्या विजेची किंमतच. तरीही कोयनेचे मोल मोठे आहे, कारण पाणी सोडल्यावर काही मिनिटांत वीज हाती येते.

खरा वाद म्हणूनच संध्याकाळचा आहे. सात ते दहाच्या दरम्यान मागणी चढते आणि सौरवीज शून्यावर आलेली असते. हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. त्यावर एकच एक उपाय नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारांवरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात, म्हणजे सौरवीज घटते नेमक्या तेव्हा, सर्वाधिक फिरतात. पण मे महिन्यातल्या रात्री त्यांच्या भरवशावर काढता येत नाहीत. २५० मेगावॅटचा घाटघर उदंचन प्रकल्प खालचे पाणी वर चढवून गरजेच्या वेळी सोडतो. तो जेवढी वीज घेतो त्याहून कमीच परत देतो, म्हणून त्याला तोट्याचा ठरवणारे विसरतात की दुपारचे युनिट आणि रात्री आठचे युनिट यांची किंमत सारखी नसते. बॅटरीची साठवणूकही स्वस्त होत चालली आहे, पण सध्याच्या निविदांतली साठवणूक बहुधा दोन-चार तासांची असते, पूर्ण रात्रीची नव्हे. तेव्हा चालू स्थितीतले औष्णिक संच आज मोडीत काढणे शहाणपणाचे नाही. मात्र पुढची ३० वर्षे कोळशाला बांधून घेणारे नवे केंद्र मंजूर करताना त्याच्या विजेचा दर दुपारच्या सौरविजेशी न ताडता साठवणुकीसह मिळणाऱ्या संध्याकाळच्या विजेशी ताडून पाहावा, आणि राख, पाणी व धुराचा खर्चही त्यात धरावा. असा हिशेब मांडला, तर कोळशाची बाजू जाहीर सभांत वाटते तेवढी भक्कम राहत नाही.